लाटसाहेबांची बिऱ्हाडे

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ सालच्या पावसाळ्यात काचेचे मोठाले चंबू ओळीने मांडले गेले. प्रत्येक चंबूत बोकडाच्या मांसाचा गाळून घेतलेला रस्सा आणि त्या रश्शावर तरंगणारे तुपाचे थेंब. थेंबाच्या खालच्या अंगाला प्लेगचे जंतू धरत. हळूहळू पांढुरके धागे तयार होऊन छतावरच्या जळमटांसारखे खाली लोंबू लागत. चंबू हलवला की धागे तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली पुन्हा नवे धरत. असे काही आठवडे गेले की तो रस्सा तापवून जंतू मारायचे, थोडे कार्बोलिक अॅसिड घालायचे आणि बाटल्या भरायच्या. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची लस ती हीच. गाईचे किंवा डुकराचे मांस वापरले तर इथली माणसे लस टोचून घेणार नाहीत, हे जाणून त्यांनी बोकड निवडला होता.

हे सारे जिथे चालले होते, त्या वास्तूत अवघ्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मेजवान्या झडत होत्या. १८७५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचा युवराज मुंबईत उतरला तो इथेच राहिला. लाटसाहेबाच्या वाड्यात प्लेगच्या लशीचा कारखाना कसा आला, हे समजायचे तर मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांनी अडीचशे वर्षांत आपले बिऱ्हाड कुठून कुठे हलवले ते पाहावे लागते. जिथे हवा बिघडली, तिथून गव्हर्नर उठले. ज्यांना उठून जाता येत नव्हते ते मागे राहिले. मला या घरांच्या इतिहासात सर्वांत जास्त दिसतात ती ही मागे राहिलेली माणसे.

पहिले घर इंग्रजांनी बांधलेलेच नव्हते. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याला १५५४ च्या सुमारास मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळाले आणि समुद्रकाठी त्याचा वाडा झाला. आपल्या बेटावर वर्षातून दोनदा, मेअखेर आणि नाताळात, फळणारे एक आंब्याचे झाड आहे असे त्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या वनस्पतिग्रंथात मोठ्या कौतुकाने नोंदवले आहे. पुढे पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण गेली. फेब्रुवारी १६६५ मध्ये हंफ्री कुकने बेटाचा ताबा घेतला तो याच वाड्यात. तेव्हा वाड्याची मालकीण दोना इग्नेस द मिरांडा ही विधवा बाई होती. तीन वर्षांनी राजाने सालीना दहा पौंड भाड्यावर बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. त्या वाड्याभोवती तटबंदी उभी राहिली, आणि बॉम्बे कॅसल हे गव्हर्नरांचे घर झाले. सुरक्षित खरे, पण कोंडलेले. भरतीच्या पाण्याने भरणारी दलदल, कुजलेली मासळी, पावसाळ्यातला ताप. मुंबईत उतरलेल्या गोऱ्या माणसाचे आयुष्य म्हणजे दोन पावसाळे, असे त्या काळी म्हटले जाई. जेराल्ड आँजियरसारखे कर्तबगार गव्हर्नर याच बेटावर धडपडत होते.

कॅसलच्या तटाला भीती होती ती समुद्राकडून, आणि त्या भीतीचे नाव कान्होजी आंग्रे. १७१५ साली आलेल्या चार्ल्स बूनने गाव वेढणारी भिंत पुरी केली, विजयदुर्गावर आरमार पाठवले, १७१८ मध्ये खांदेरीवर चाल केली. दोन्हीकडून हात हलवत परत यावे लागले. मग राग निघाला तो मुंबईतल्याच एका माणसावर. रामा कामती हा कंपनीच्या भंडारी पलटणीचा मातब्बर सरदार. पोर्तुगीजांनी मोडलेले वाळकेश्वराचे देऊळ बाणगंगेच्या काठी पुन्हा उभे करण्यात त्याचाच पुढाकार. तो आंग्र्यांना फितूर आहे असा आळ घेऊन १७२० साली बूनच्या कौन्सिलने त्याला जन्मठेप दिली आणि त्याची मालमत्ता जप्त केली. साक्षीदाराकडून कबुली काढण्यासाठी अंगठे पिळण्याचे यंत्र वापरले गेले. ज्या पत्रांवर सारा खटला उभा होता ती बनावट होती हे पुढे उघड झाले. तोवर रामा कामती कैदेतच वारला होता. ज्या किल्ल्यात हे घडले तो आज भारतीय नौदलाकडे आहे आणि त्या तळाचे नाव आहे आयएनएस आंग्रे. जुन्या दरवाजावर पोर्तुगीज शिपायांच्या दोन दगडी आकृती अजून पहारा देत आहेत.

त्याच बूनच्या कारकिर्दीत परळ कंपनीच्या हाती आले. तिथे जेझुइट पाद्र्यांचा मठ आणि चर्च होते. जंजिऱ्याच्या सिद्दीने १६८९ साली मुंबईला वेढा घातला तेव्हा पाद्री त्याला आतून सामील होते असा इंग्रजांचा संशय, आणि तेवढ्या बोलावर त्यांची जागा गेली. चर्चच्या कमानीखाली जेवणाचे टेबल लागले. बूनने ते उन्हाळी घर म्हणून वापरले. पन्नास वर्षांनी आलेला विल्यम हॉर्नबी कायमचाच तिथे राहायला गेला. आजच्या परळकराला हे ऐकून गंमत वाटेल, पण त्या काळी परळ म्हणजे तळे, आमराया, ताडामाडांची सावली आणि शहरापासून दूर असलेली मोकळी हवा.

हॉर्नबीचे नाव मराठी माणसाला वेगळ्या कारणाने आठवायला हवे. नारायणरावाच्या खुनानंतर पुण्यातून निघालेल्या राघोबादादांशी मार्च १७७५ मध्ये सुरतेला तह केला तो याच गव्हर्नरच्या सरकारने, कलकत्त्याला न विचारता. त्या तहातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध निघाले आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांच्या फौजेपुढे मुंबईच्या सैन्याला शरण जावे लागले. पेशवाईच्या घरातले भांडण परळच्या टेबलावर कसे पोहोचले, हा आपल्या इतिहासातला फार दुखरा भाग आहे.

परळच्या वाट्याला चांगले दिवसही आले. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी सर जेम्स मॅकिंटॉश या न्यायाधीशाने तिथे काही मंडळींना बोलावले आणि लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे सुरू झाली. आज टाउन हॉलच्या पायऱ्यांवर तरुण मुले बसतात, त्या एशियाटिक सोसायटीचे मूळ ते. १८२५ मध्ये बिशप हेबर परळला उतरला, तेव्हा आपण एका जुन्या चर्चमध्ये बसून जेवतो आहोत ही गोष्ट त्याला खटकली होती. त्या वेळी यजमान होता माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टन. वाड्याच्या दोन्ही बाजूंची दालने त्याने वाढवली.

एलफिन्स्टनला घर जळणे ठाऊक होते. गव्हर्नर होण्यापूर्वी तो पुण्याला पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता आणि मुळा-मुठेच्या संगमावर त्याची कोठी होती. ५ नोव्हेंबर १८१७ ला मराठी घोडदळ चालून आले तसा तो नदी ओलांडून खडकीकडे गेला आणि मागे त्याची कोठी, पुस्तकांसकट, जळून खाक झाली. त्या दुपारची लढाई गणेशखिंड आणि खडकी यांच्यामधल्या मैदानात झाली. दुसरा बाजीराव पर्वतीवरून पाहत होता, बापू गोखले घोडदळ घेऊन पुढे होते. पेशव्यांच्या कवायती पलटणीचा कप्तान फोर्ड दापोडीला राहत असे. तो आयत्या वेळी इंग्रजांना जाऊन मिळाला. जरीपटक्याचे सरदार मोरोपंत दीक्षित आणि फोर्ड यांची मैत्री होती. आपल्यापैकी जो मागे राहील त्याने दुसऱ्याच्या बायकामुलांकडे पाहावे, असे त्यांचे आपसात ठरल्याचे इतिहासकार ग्रँट डफ सांगतो. दीक्षित त्या दिवशी पडले, आणि डफच्याच म्हणण्याप्रमाणे ते फोर्डच्या पलटणीच्या तोफेने. युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे राहतात. मला मात्र खडकी म्हटले की या दोन मित्रांचे बोलणे आठवते.

फोर्डचा तो दापोडीचा बंगलाच पुढे गव्हर्नरांचे पुण्यातले घर झाला. एलफिन्स्टननंतर आलेल्या सर जॉन माल्कमने १८२८ साली तो सरकारसाठी विकत घेतला. माल्कम म्हणजे घरे हलवणारा गव्हर्नर. फोर्टात अपोलो स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या मुंबई समाचार मार्गावर, गव्हर्नरांचे शहरातले घर होते. ते त्याने कचेऱ्यांना देऊन टाकले आणि मलबार पॉइंटच्या टोकावरचा समुद्राकाठचा बंगला वाढवला. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी जागेची अदलाबदल करून महाबळेश्वरला माल्कमपेठ वसवली. दापोडीला त्याच्या काळात सरकारी बाग सुरू झाली. त्या बागेतल्या झाडाफुलांची चित्रे एका अनामिक देशी चित्रकाराने १८४७ ते १८५० च्या दरम्यान काढली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. बागेचा अधिकारी अलेक्झांडर गिब्सन सर्वांना माहीत आहे, चित्रकाराचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

तेव्हापासून सरकारचे वर्ष तीन गावांत वाटले गेले. थंडी मुंबईत, उन्हाळा महाबळेश्वरला, पावसाळा पुण्याला. दप्तरांच्या पेट्या, कारकून, खानसामे, पट्टेवाले, बँड, घोडे, सगळा लवाजमा घाट चढायचा आणि उतरायचा. इलाख्यातल्या रयतेला अर्ज द्यायचा असला तर आधी चौकशी करावी लागे, सरकार सध्या कुठल्या गावी आहे.

पुण्याला मोठा वाडा हवा ही हौस सर बार्टल फ्रिअरची. १८६२ ते १८६७ ही त्याची पाच वर्षे मुंबईच्या इतिहासातली सर्वांत भरधाव. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लिव्हरपूलला तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. फोर्टाचे तट पाडले गेले, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. त्याच भरात जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाकडून गणेशखिंडीच्या वाड्याचे नकाशे झाले आणि १८६४ च्या सुमारास पाया घातला गेला. इटालियन धाटणीची लांबलचक इमारत, कमानींचे व्हरांडे, आणि दुरून दिसणारा उंच मनोरा, ज्यावर लाटसाहेब मुक्कामी असताना निशाण चढे. वर्षभरात अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला, सट्टेबाजीत घरेच्या घरे बुडाली, खुद्द बँक ऑफ बॉम्बे पुढे बंद पडली. वाड्याचे काम मात्र थांबले नाही. अंदाजापेक्षा खर्च कितीतरी पुढे गेला आणि तो वाडा गव्हर्नरांच्या उधळपट्टीचा नमुना म्हणून गाजला. तो पुरा झाला १८७१ मध्ये. फ्रिअर तोवर इथून गेलाही होता. बापू गोखल्यांचे घोडदळ ज्या माळावरून सुटले, त्याच्याच कडेला आता हिरवळ, कारंजी आणि नाचाचे दालन होते.

इकडे परळ बदलत होते. कापसाच्या पैशातून गिरण्या उभ्या राहिल्या, रेल्वेचे कारखाने आले. कोकणातून, घाटावरून माणसे येऊन चाळींत दाटीने राहू लागली. आमराईच्या जागी धुराडी आली. ज्या मोकळ्या हवेसाठी गव्हर्नर इथे आले होते ती उरली नाही. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांची पत्नी मुंबईत पटकीने गेली. चाळींतून दर साली किती माणसे पटकीने जात होती! पण हा मृत्यू वाड्यातला होता. तीन वर्षांत, १८८५ च्या सुमारास, गव्हर्नरांनी परळ सोडले आणि मलबार पॉइंटला कायमचे घर केले. तीन बाजूंनी समुद्र, अखंड वारा आणि शहराकडे जायला एकच वाट.

हे टोक काही ओसाड नव्हते. खडकातली एक भेग श्रीगुंडी म्हणून प्रसिद्ध होती. तिच्यातून अंग चोरून पलीकडे निघाले की पाप फिटते, अशी श्रद्धा. राघोबादादा मुंबईच्या मुक्कामात त्या भेगेतून गेले होते, असे जुने गॅझेटिअर सांगते. नारायणरावाच्या खुनाचा डाग ज्याच्या नावाला लागला, त्या माणसाने गुडघ्यावर येऊन त्या खडकात शिरण्याची धडपड केली असेल, तर त्या क्षणी त्याच्या मनात काय चालले असेल? कोळी मंडळी आजही राज्यपालांच्या इथल्या निवासाच्या आवारातल्या देवीच्या पाया पडायला जातात. हा निवास त्यांच्या नंतरचा आहे.

मग १८९६ चा सप्टेंबर उजाडला. मांडवीत तापाने माणसे मरू लागली. काखेत, जांघेत गाठी. गोव्याहून आलेले डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग आहे असे ठामपणे सांगितले. आधी कुणी ऐकायला तयार नव्हते. पाहता पाहता माणसे शहर सोडून पळू लागली, गिरण्या ओस पडल्या. हाफकिन ऑक्टोबरात कलकत्त्याहून आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या बळावर त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली टोचली ती स्वतःला. परळचा रिकामा वाडा त्या साथीत प्लेगचे इस्पितळ झाला.

प्लेग पुण्यात पोहोचला तशी रँड साहेबाची कमिटी नेमली गेली. गोरे शिपाई घरोघर शिरू लागले. देवघर, माजघर, चूल, काही वर्ज्य नाही. काखा-जांघा तपासायला बायकांना दारात उभे केले जाई. दुखणेकऱ्याला इस्पितळात, घरच्यांना छावणीत, सामानसुमान उकिरड्यावर किंवा आगीत. रोग खरा होता आणि उपायांची गरजही खरी होती, हे मान्यच केले पाहिजे. पण ज्यांच्या घराचा उंबरा असा तुडवला गेला त्यांना तो उपाय म्हणून दिसणे शक्यच नव्हते. शहराला जेव्हा रोग लागला तेव्हा शहराला घर बदलायची मुभा नव्हती. स्थानकांवर नाकेबंदी होती.

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याची साठ वर्षे. गणेशखिंडीचा वाडा दिव्यांनी उजळला होता, गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडे जेवण आणि दरबार होता. टेकड्यांवर होळ्या पेटल्या होत्या. मध्यरात्रीच्या सुमारास पाहुण्यांच्या बग्ग्या एकामागून एक फाटकाबाहेर पडू लागल्या. रस्त्याच्या अंधारात चिंचवडच्या हरिभाऊ चापेकर कीर्तनकारांची मुले उभी होती. ‘गोंद्या आला रे’ ही आरोळी तेव्हापासून मराठी मुलुखाच्या तोंडी आहे. दामोदर चापेकर रँडच्या गाडीमागे धावला, पाठीमागून वर चढला, पडदा सारला आणि गोळी झाडली. मागच्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट पत्नीसह होता. दामोदरचा भाऊ बाळकृष्ण याने त्याच्यावर झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. वाड्यातला बँड तेव्हा थांबला होता की नव्हता कुणास ठाऊक, पण वाड्यापासून गोळीच्या ठिकाणापर्यंतचे अंतर बग्गीने काही मिनिटांचे.

दामोदर १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फासावर गेला. १८९९ च्या मे महिन्यात तिसरा भाऊ वासुदेव, त्यांचा साथीदार महादेव रानडे आणि बाळकृष्ण अवघ्या पाच दिवसांत गेले. एका आईचे तीन मुलगे. त्यानंतर तीन महिन्यांनी, १० ऑगस्ट १८९९ रोजी, त्याच लॉर्ड सँडहर्स्टनी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन केले.

म्हणून मी ते तुपाचे थेंब आरंभाला ठेवले. पाद्र्यांकडून हिसकावलेला, हॉर्नबीने गजबजवलेला आणि पटकीच्या भीतीने टाकून दिलेला तो वाडा गव्हर्नरांच्या सगळ्या घरांत माणसांच्या सर्वांत उपयोगी पडला, आणि तो पडला लाटसाहेब तिथून उठून गेल्यावर. हाफकिन यांच्या वाट्याला मात्र सुख आले नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली आणि ठपका प्रयोगशाळेवर आला. बाटली उघडताना गावातच चूक झाली होती हे सिद्ध व्हायला काही वर्षे गेली. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. गिरणगावातल्या कित्येक पिढ्यांना सापाच्या विषावरचा उतारा आणि साथीच्या लशी तिथून मिळाल्या.

मलबार पॉइंटवर १९४८ साली राजा महाराज सिंह हे पहिले भारतीय गव्हर्नर राहायला आले. २०१६ मध्ये त्याच जागी जमिनीखाली १३ खोल्यांचे, दीडशे मीटर लांबीचे ब्रिटिशकालीन भुयार सापडले. आज तिथे क्रांतिकारकांचे दालन आहे, आणि चापेकर बंधूही त्यात आहेत.

गणेशखिंडीचा वाडा १९४९ मध्ये पुणे विद्यापीठाला मिळाला. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने चारशे एकरांहून अधिक जागेसह तो दिला, आणि मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. जुन्या दालनाला संत ज्ञानेश्वरांचे नाव आहे. मनोरा तसाच उभा आहे.

१८९७ च्या त्या मार्चमध्ये, रँडची कमिटी कामाला लागत असतानाच, हडपसरजवळच्या माळावर एक सहासष्ट वर्षांची बाई प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होती. मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्याचा दवाखाना गावाबाहेर होता. मुंढव्याच्या गायकवाडांचे पोर आजारी आहे असे कळले तेव्हा तिने त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात पोहोचवले. पोर वाचले. तिला लागण झाली आणि १० मार्चला ती गेली. २०१४ पासून गणेशखिंडीच्या फाटकावर तिचे नाव आहे: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ.